सांगली ते सातारा, मध्ये एक तोंड

शामराव निकम यांच्या सख्ख्या साडूस बढती मिळाल्याची शुभवार्ता घेऊन मी एके सकाळी त्यांच्या ओसरीवर गेलो, तेव्हा ती ऐकण्याऐवजी त्यांनी दोन्ही कानांत बोटे घातली.

मला वाटले, कानात पाणी गेले असेल. म्हणून आवाज चढवून पुन्हा म्हणालो, “शामराव, तुमच्या साडूंच्या शेजारचे गृहस्थ काल बाजारात आमच्या मेव्हण्यास भेटले. ते मेव्हण्यास म्हणाले, आणि मेव्हणा मला म्हणाला की...”

शामरावांनी एका कानातले बोट काढले आणि माझ्यापुढे धरून मोजावयास सुरुवात केली. “साडूचा शेजारी, एक. तुमचा मेव्हणा, दोन. तुमी, तीन. दोनाच्या वर तोंडं चालत न्हाईत, मुन्शी. बातमी परत घिऊन जावा.”

आणि बोट पुन्हा कानात गेले.

मी थक्क झालो. मृत्यूची बातमी ऐकून न रडणारे लोक मी पाहिले आहेत, लग्नाची ऐकून रडणारे पाहिले आहेत. परंतु आणलेली बातमी ‘परत घिऊन जावा’ असे सांगणारा इसम तोवर पाहिला नव्हता. परत न्यावयाची म्हणजे ठेवावयाची कोठे? साडूंची बढती रद्द करवून आणावयाची काय?

वाचकांस सदरहू इसमाची, व ओघाने माझीही, ओळख करून देणे क्रमप्राप्त आहे. मी सांगलीच्या कचेरीबाहेर चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण मराठी सहावीपर्यंत झाले. सातवीचे वर्ष घरच्या अडचणींमुळे राहिले. परंतु भाषेचे जे काही ज्ञान माणसास लागते, ते तोपर्यंत होऊन गेले होते. माझ्या एका अर्जावर साहेबांनी ‘अर्ज उत्तम’ असा शेरा स्वहस्ते मारलेला आहे. अर्ज नामंजूर केला, ही गोष्ट निराळी.

शामराव हे माझे विश्रामबागेतील शेजारी. मूळचे सातारा जिल्ह्यातले. लष्करात हवालदारकीपर्यंत नोकरी केली, ती सगळी सिग्नलच्या तुकडीत. एका ठाण्यापासून दुसऱ्या ठाण्यापर्यंत टेलिफोनची तार टाकावयाची, तुटली तर तुटलेली जागा शोधावयाची, आणि पलीकडचे बोलणे अलीकडे नीट उतरते की नाही ते पाहावयाचे, हे त्यांचे काम. निवृत्त होऊन येताना इतर लोक लोखंडी ट्रंक आणि वळकटी आणतात. शामरावांनी आल्याबरोबर पुण्याचा जुना बाजार गाठला आणि लष्कराने मोडीत काढलेले तीन टेलिफोन व तारेचे चार-पाच ड्रम टेम्पोत घालून आणले. टेम्पोतून ते उतरवीत असताना त्यांची मुलगी सुमन दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, “बाबा, ह्यातला एक ड्रम जरी धान्याचा असता तर बरं झालं असतं.”

ड्रम हे शामरावांचे माप होते. जगातले कोणतेही अंतर ते मैलात सांगत नसत.

“शामराव, मिरज इथून किती लांब?”

“लय न्हाई. बारा-पंधरा ड्रम. पर वाटंत बाभळी हायेत, तार घासणार.”

एकदा एका परगावच्या बाईंनी दवाखान्याची वाट विचारली. शामरावांनी त्यांस नम्रपणे सांगितले, “सरळ दीड ड्रम जावा, मग डावीकडं एक सांधा घ्या.” बाई भयचकित होऊन आल्या वाटेने निघून गेल्या. त्यांचे दुखणे तेवढ्याने बरे झाले असावे.

त्या तीन टेलिफोनांपैकी पहिला शामरावांनी आपल्या ओसरीवर बसविला. दुसरा स्वयंपाकघरात, सुमनच्या हाताशी. आणि तिसरा, मला न विचारता, आमच्या घरात. मी कचेरीतून परतलो, तो शामराव आमच्या खुंटीखाली उकिडवे बसलेले. “ब्येस झालं, आला ते. ही दोन टोकं जरा हातात धरा, मुन्शी.” शेजारधर्म म्हणून मी धरली. त्यांनी खिडकीतून सुमनला हाक मारली, तिने तिकडून टेलिफोनचा दांडा फिरविला, आणि माझ्या बोटांपासून दाताच्या मुळांपर्यंत अशा काही झिणझिण्या गेल्या की, मी टोपीसकट जागच्या जागी उडालो.

“लाईन चालू हाय,” शामराव समाधानाने म्हणाले.

“अहो, आपल्या दोन घरांत फक्त एक बोळ!” मी थरथरत म्हणालो. “हाक मारली तरी ऐकू येते!”

“ऐकू येती. पर हाक कुठवर जाईल, ते मोजता येत न्हाई. तारंचं येतं.”

तिन्ही यंत्रे एकाच तारेवर होती. कोणीही दांडा फिरविला की उरलेल्या दोन घंट्या वाजत, आणि एकाने बोललेले सर्वांस ऐकू येई. यासाठी शामरावांनी कायदा केला. तोंड उघडण्याआधी लाईनीवर कान द्यावयाचा. कोणी बोलत असेल तर थांबावयाचे. कोणी बोलत नसेल तर बोलावयाचे. आणि दोघे एकदम बोलू लागले, तर दोघांनीही तत्काळ गप्प बसून, थोड्या वेळाने, एकाने लवकर व दुसऱ्याने उशिरा, पुन्हा सुरुवात करावयाची. कायदा उत्तम होता. आमच्या मंडळींनी व सुमनने तो पहिल्याच दुपारी मोडला. दोघी एकदम बोलत, सलग बोलत, आणि दोघींना एकमेकींचे सगळे समजे. शामराव ओसरीवर यंत्र कानाला लावून घाम पुशीत बसले होते. “ह्ये तारंत बसत न्हाई, मुन्शी,” ते मला म्हणाले. “ह्या दोघी कशा बोलत्यात, ते लष्कराला बी उमगायचं न्हाई.”

मधला बोळ सरकारी असल्यामुळे त्यावरून तार नेण्यास, ती नेऊन झाल्यावर का होईना, परवानगीचा अर्ज करणे आवश्यक होते. मी तो मोठ्या प्रेमाने लिहिला. अर्जदाराची देशसेवा, हिमालयातील थंडी, वार्धक्याकडे झुकलेला देह, मातृछत्र हरपलेली कन्या, आणि शेवटी ‘सदर तार ही केवळ तार नसून’ असे एक वाक्य, जे लिहिताना माझाच कंठ दाटून आला. शामरावांनी अर्ज वाचला. माझ्या हातचा टाक घेतला. आणि माझ्या डोळ्यांदेखत, एकामागून एक, सगळ्या ओळींवर काट मारली. खाली लिहिले, ‘बोळावरून तार न्यायची आहे. परवानगी द्यावी.’

माझ्या तोंडचे पाणी पळाले. “अहो, ह्याला अर्ज म्हणतात?”

“निरोपात भर घालायची न्हाई, मुन्शी.”

परवानगी आठवड्यात आली. त्या धक्क्यातून मी अद्याप पुरता सावरलेलो नाही.

आता त्या दोन तोंडांच्या नियमाविषयी. तो शामरावांनी मला ओसरीवर बसवून, हातात चहा देऊन पुढे समजावला. “आपल्या तारंवर पंचवीस-तीस ड्रम बोलणं जातं. त्याच्या म्होरं कुजबूज. त्याच्या म्होरं नुसती घंटी वाजती, बोलणं पोचत न्हाई. मग मधी रिपीटर बसवायचा.” रिपीटर म्हणजे अलीकडून थकून आलेला आवाज घेऊन, त्यास बळ देऊन, पुढे ढकलणारे यंत्र.

“मग एकापुढे एक रिपीटर बसवीत दिल्लीस जावे की!” मी म्हणालो.

शामरावांनी माझ्याकडे दयेने पाहिले. “रिपीटर बोलणं मोठं करतो, तशी खरखर बी मोठी करतो. पहिल्याची खरखर दुसरा वाढवतो. तिसऱ्यापाशी गेलं की बोलणं कुठलं आणि खरखर कुठली, वळखू येत न्हाई. म्हणून आपल्या लाईनीला दोन. दोनाच्या वर न्हाई.”

हा नियम तारेपुरता असता तर माझी काहीच हरकत नव्हती. परंतु शामरावांच्या लेखी माणूसही रिपीटरच. गल्लीत कोणी ‘अमका म्हणत होता की तमका म्हणाला’ असे सुरू केले, की त्यांची बोटे हलू लागत, आणि तिसऱ्या नावाला ती कानात जात. ट्रंककॉलचे नाव काढले तर हसत. “सांगलीच्या एक्स्चेंजातली बाई कराडच्या बाईला वरडून सांगती, कराडची साताऱ्याच्या बाईला. मधी तोंडं किती झाली?”

इथपर्यंत सारे हसण्यावारी नेण्यासारखे होते. पुढे सुमन लग्नाची झाली.

सुमन मॅट्रिक पास झालेली, कामाला वाघ, बोलायला त्याहून. स्थळे येण्यास अडचण नव्हती. परंतु शामरावांनी मला बोलावून अट सांगितली. “पोरगा काळा असंल, गोरा असंल. पर त्याचं घर ह्या ओसरीपासनं लाईनीच्या आत पायजे. सांगली चालंल. मिरज चालंल. त्याच्या म्होरं न्हाई.”

जात, कुळी, जमीन, पत्रिका या अटी माझ्या परिचयाच्या आहेत. तारेच्या लांबीवर जावई शोधणारा बाप पाहण्याचे माझ्या नशिबी होते. आणि स्थळे सुचविण्याचे काम, अर्जांखालोखाल, माझेच.

पहिले स्थळ सांगलीतलेच, हळदीच्या अडतीवर कारकून. पोहे झाले. मुलाच्या वडिलांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले न टाकले तोच शामरावांनी मुलास विचारले, “तुमच्या घरापासनं हितपर्यंत झाडं कसली हायेत?”

“झाडं?” मुलगा म्हणाला.

“ऱ्हाऊ द्या. ते मी बघतो. एक काम करा. आत सुमन हाय. तिला एवढं सांगून या.” आणि शामराव खोकले, व सावकाश म्हणाले, “बाबांचा गुडघा दुखतोय, फडताळातलं तेल आण. न्हाई घावलं तर ऱ्हाऊ दे, मी रागावणार न्हाई.”

मुलगा गोंधळून आत गेला. आतून त्याचा आवाज आला. “ते, तेल मागितलंय.”

शामरावांनी मान हलविली. पाहुणे गेल्यावर म्हणाले, “दुखणं गाळलं. रागावणार न्हाई, ते बी गाळलं. मग ऱ्हायलं काय? नुसता हुकूम. नापास.”

दुसरे स्थळ मिरजेचे, शाळामास्तर. त्यांचे घर पाहण्यास आम्ही गेलो, तेव्हा शामराव उंबरा ओलांडण्याऐवजी भिंतीला लावलेल्या शिडीने थेट कौलांवर चढले, आणि डोळ्यांवर हात धरून विश्रामबागेच्या दिशेने बघत उभे राहिले. खाली यजमानीणबाई आरतीचे तबक घेऊन उभ्या. मी त्यांस काय सांगावे? ‘व्याही वर आहेत’ एवढेच सांगितले. तरीही मास्तर मुलगी पाहावयास आले, हे त्यांचे मोठेपण. त्यांस तोच निरोप देण्यात आला. मास्तरांनी आत जाऊन सांगितले, “वडिलांना गुडघ्याच्या असह्य वेदना होत असून, तेल त्वरित मिळावे अशी त्यांची इच्छा आहे.”

मला तो मजकूर अतिशय आवडला. शामरावांनी कपाळाला हात लावला. “ह्यानं भर घातली. पोरगी तिकडं शिंकली तर हा मला हितं मरणाची बातमी दील.”

अशी आणखीही काही स्थळे गेली. गल्लीत बायका बोलू लागल्या. सुमन बोलेनाशी झाली, ते मात्र मला अधिक भयंकर वाटले. दुपारची घंटी वाजावयाची थांबली. आमच्या मंडळींनी मला निक्षून सांगितले, “ह्या तारेपायी पोर घरात राहील. काहीतरी करा.”

मला वसंत साळुंखे आठवला. हा साताऱ्याचा एस. टी. कंडक्टर. घाटातल्या गाडीवरून, सांगलीवरून जाणाऱ्या सातारा-मिरज गाडीवर बदली मिळावी म्हणून मी त्याचा अर्ज लिहिला होता, आणि तो चक्क मंजूर झाला होता. मुलगा शांत, निर्व्यसनी, मिशीने दणकट. मी शामरावांस सांगितले की, मुलगा एस. टी.त आहे व सांगलीत वारंवार असतो. घर साताऱ्यास आहे, ही माहिती मी योग्य वेळ येईपर्यंत राखून ठेवली. चांगल्या अर्जात हीच पद्धत असते.

वसंता वडिलांना घेऊन आला. पोहे झाले. शामराव खोकले आणि त्यांनी तोच निरोप दिला. वसंता उठून आत गेला. आम्ही बाहेर कान देऊन बसलो. आतून आधी एक खोकला ऐकू आला, हुबेहूब शामरावांचा. मग सावकाश, शामरावांच्याच चालीवर, “बाबांचा गुडघा दुखतोय, फडताळातलं तेल आण. न्हाई घावलं तर ऱ्हाऊ दे, मी रागावणार न्हाई.”

आणि कित्येक आठवड्यांनी सुमनचे हसणे ऐकू आले.

शामराव उभेच राहिले. “खोकला बी आणला की रं!” वसंता बाहेर आला तेव्हा त्यांनी त्याचे दोन्ही खांदे धरले. “कुठं शिकलास गड्या?”

“रस्त्यावर,” वसंता लाजून म्हणाला. “गावोगावचे लोक गाडीपाशी येऊन निरोप देतात, मामा. कुणाची बहीण पुढच्या गावात, कुणाचा बाप. एक शब्द इकडचा तिकडं झाला तर परतताना शिव्या बसतात.”

“घर कुठं तुमचं?”

मी घाईने पानाचे तबक पुढे केले. उपयोग झाला नाही.

“साताऱ्यात,” वसंता म्हणाला.

शामरावांचे हात त्याच्या खांद्यांवरून खाली आले. कोणीतरी मधेच तार कापावी तसा त्यांचा चेहरा विझला. “अडीचशे ड्रमाच्या वर,” ते पुटपुटले. “न्हाई बाबा. पोरगा लाखात एक हाय. पर न्हाई.”

वसंताचे वडील संतापून उठले. वसंताने एकवार आतल्या दाराकडे पाहिले आणि दोघे गाडीच्या थांब्याकडे चालते झाले. आत भांडे पडल्याचा आवाज झाला.

त्या क्षणी माझा संयम सुटला. “शामराव,” मी म्हणालो, “आपण बाप आहात की तारखाते? उपवर मुलीच्या सुखापेक्षा आपणांस आपला ड्रम प्रिय आहे काय?” मी आणखीही बरेच बोललो, वाक्ये चांगली झाली होती. शामराव तारेच्या ड्रमावर बसून हातातली पक्कड उघडझाप करीत राहिले. मग खाली बघतच बोलले.

“सुमनची आई आजारी पडली तवा मी सरहद्दीवर हुतो. सुमन पाळण्यात. आई तिची माझ्या भावाला म्हणाली, ‘मी ह्यातनं उठत न्हाई. त्यास्नी बोलवा.’ भावानं मास्तराला सांगितलं, ‘वैनी लय आजारी हायेत, यायला लिवा.’ मास्तरनं पोस्टात सांगितलं, ‘तब्येत बरी न्हाई, जमलं तर यावं.’ तिथनं आणखी दोघातिघांच्या तोंडातनं ते माझ्यापतुर आलं. माझ्या हातात पडलं तवा काय हुतं, ठाव हाय? ‘तब्येत ठीक. सवडीने या.’”

पक्कड थांबली.

“कुणी लबाड न्हवतं, मुन्शी. पर्त्येकाला वाटलं, एवढ्या लांब हाय बिचारा, जरा काळजी कमी करावी. पर्त्येकानं थोडी थोडी कमी केली.” त्यांनी पक्कड मिटली. “आणि मी सवडीनं गेलो.”

मी इतक्या वर्षांत इतक्यांची दुःखे गोड भाषेत मांडली. त्या वेळी मला एक ओळ सुचली नाही.

तेवढ्यात ओसरीवरची घंटी वाजली.

शामराव दचकले. त्यांनी यंत्र उचलून कानाला लावले. सुमनचा आवाज त्या यंत्रातूनही येत होता आणि आतल्या दारातूनही, त्यामुळे मला सर्व स्पष्ट ऐकू आले.

“बाबा, मी सगळं ऐकलंय. आता तुमी ऐका. मी साताऱ्यात बोलणार. ते गाडीनं येऊन हितं तुमास्नी सांगणार. मधी तोंडं किती?”

शामरावांचे एक बोट वर झाले.

“किती, बाबा?”

“एक,” शामराव म्हणाले.

“मग? दोन चालत्यात म्हणाला न्हवं? ते गाळत न्हाईत, भर घालत न्हाईत. तुमीच पास केलंय.”

लष्करातल्या माणसाला असे कोंडीत सापडलेले मी प्रथमच पाहत होतो. “आणि त्याची ड्यूटी दुसरीकडं लागली तर?” ते कसेबसे म्हणाले.

यावर लाईनीत एक तिसराच आवाज घुसला. आमची मंडळी! त्या बोळापलीकडे आमच्या घरातले यंत्र धरून सर्व ऐकत होत्या. “मग आमचे हे अर्ज लिहितील की! बसलेत कशाला? भावजी, हो म्हणा आता, गाडी जाईल!” त्याच वेळी सुमनही बोलत होती. दोघी एकदम. कायद्याचे पूर्ण उल्लंघन झाले, आणि शामरावांना सगळे समजले.

“मी थांब्यावर जाऊन होकार कळवितो,” मी म्हणालो.

“तुमी नको!” शामराव ओरडले आणि स्वतःच, अनवाणी, पक्कड हातात घेऊन रस्त्याने धावत सुटले. हातात पक्कड घेऊन अंगावर येणारा सासरा पाहून साळुंखे पितापुत्र थांब्यामागे सरकले, असे मला वसंताने पुढे सांगितले. तोंड एकच असल्याने ही हकीकत खात्रीची समजावी.

लग्न झाले. सुमन साताऱ्यास गेली. वसंताची त्या मार्गावरून बदली होऊ नये असा अर्ज मी लिहिला. शामरावांनी तो वाचला, टाक मागून घेतला. मी डोळे मिटले. उघडून पाहिले तर एकही ओळ कापलेली नव्हती. शेवटी त्यांच्या हातचे एक वाक्य मात्र होते, ‘मुलगी एकच आहे.’

मग विश्रामबागेच्या थांब्यावर एक नवलच सुरू झाले. साताऱ्याची गाडी आली की शामराव ताठ उभे राहत. वसंता पायरीवर येई, डोळे मिटी आणि निरोप सोडी. “‘बाबा, माझी भाकरी आता फुगते, पण सासूबाईंसारखी पातळ होत नाही.’ इथं ती हसली.” आणि तो दणकट मिशीचा कंडक्टर, खाकी कपड्यांत, तिकिटांची पेटी काखेत धरून, सुमनसारखा खुदुखुदु हसे. पहिल्या वेळी गाडीतली एक म्हातारी घाबरून खाली उतरली. पुढे पुढे उतारूही खिडक्यांतून ऐकू लागले. ड्रायव्हर मुद्दाम इंजिन बंद करी. एकदा तर एका अनोळखी शेतकऱ्याने शामरावांस विचारले, “आवं, मागच्या खेपंला तिच्या मांजरानं दूध सांडलं हुतं, त्याचं काय झालं?”

शामराव आनंदात आहेत, असे सगळे समजत. मीही समजलो असतो. परंतु तिन्ही यंत्रे एकाच तारेवर होती.

संध्याकाळी आमच्या घरातली घंटी वाजे. मी यंत्र उचलून कान देई. थोडी खरखर, आणि शामरावांचा श्वास. कोणी बोलत नसे. ते ओसरीवरचा दांडा फिरवून स्वयंपाकघरातली घंटी वाजवीत होते, जिथे आता कोणीही नव्हते. दुसऱ्या दिवशी विचारले तर म्हणत, “लाईन तपासतो, मुन्शी. न वापरता ऱ्हायली की गंजती.” घंटी माझ्यासाठी नव्हती, म्हणून मी यंत्र जागेवर ठेवून देई.

एके दिवशी साताऱ्याची गाडी आली, पण वसंता पायरीवर न येता खिडकीतूनच म्हणाला, “मामा, परतताना सांगतो.” शामराव घरी गेले नाहीत. थांब्यावरच उभे राहिले. मीही राहिलो. उन्हे कलती झाल्यावर गाडी मिरजेहून परत आली. वसंता खाली उतरला.

“मामा, आज एक अडचण आहे.”

“आधी निरोप. अडचण मागनं.”

वसंताने डोळे मिटले. “‘बाबा, इथं सगळे मला चांगलं वागवतात. पण संध्याकाळी चूल पेटवताना तुमची लय आठवण येते. करमत नाही.’ इथं ती थांबली. नाक ओढलं.” वसंताने नाक ओढले. “मग म्हणाली, ‘हे बाबांना सांगू नका. त्यांना म्हणावं, मी मजेत आहे.’”

वसंता अपराध्यासारखा उभा. “हीच अडचण, मामा. गाळायचं नाही, असं तुम्ही म्हणता.”

“बराबर केलंस,” शामराव म्हणाले. मग ताठ झाले. “जबाब घे. तिला सांग, बाबा मजेत हाय. मुन्शीकडं गप्पा मारत बसतो. संध्याकाळ कवा झाली, ते बी त्याला कळत न्हाई. तू काळजी...” पुढचा शब्द त्यांच्या घशातून बाहेर पडेना. दोनदा खाकरल्यावर पडला. “...करू नगंस.”

एवढी भर मी माझ्या कोणत्याही अर्जात आजवर घातलेली नाही.

वसंताने डोळे मिटून निरोप मनात बसविला. मग हलकेच विचारले, “मामा, हे असंच न्यायचं? आवाजासकट?”

शामरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“आवाज हितं ठिव,” ते म्हणाले. “बाकीचं ने.”

वसंता पायरीवर चढला, दोरी ओढली, घंटी दोनदा वाजली आणि गाडी साताऱ्याकडे निघून गेली. आम्ही घरी आलो. ते त्यांच्या ओसरीवर, मी माझ्या.

थोड्या वेळाने आमच्या घरातली घंटी वाजली. मी यंत्र उचलले आणि लाईनीवर कान दिला. खरखर होती, श्वास होता. बोलत कोणी नव्हते. कायद्याप्रमाणे बोलण्याची पाळी माझी होती.

“शामराव,” मी म्हणालो, “चहा टाकायला सांगितला आहे. या.”